दही चांगलंच, पण कशाच्या जागी?

नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. त्यांचं वय 49. यजमानांच्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी) 6.1 आली आणि डॉक्टरांनी ‘मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात’ असं सांगितलं. त्याच सुमारास भिशीच्या ग्रुपवर ‘रोज दही खाणाऱ्याला डायबेटिस होत नाही, अमेरिकेनेही मान्य केलं’ असा मेसेज फिरला. तेव्हापासून यजमान दोन्ही जेवणांनंतर वाटीभर दही दोन-दोन चमचे साखर घालून खातात. ताईंनी रात्रीचं जेवण सोडून स्ट्रॉबेरीच्या ग्रीक योगर्टचे दोन डबे खायला सुरुवात केली. जिमला जाणाऱ्या 22 वर्षांच्या मुलीचा हा सल्ला. तिचं म्हणणं, घरच्या दह्यात ना प्रोटीन, ना खात्रीचे जिवाणू. चार महिने झाले. ताईंचं वजन उतरायच्या ऐवजी दोन किलो वाढलं. 78 वर्षांच्या सासूबाई रोज सांगतात की रात्री दही खाऊ नये, आणि त्यावरून रोज वाद होतो. ताई विचारतात: दही खरंच आरोग्याला चांगलं की नुसताच बोलबाला? घरात ऐकू तरी कोणाचं? पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य आहे: ‘सासूबाईंनी आता विरजण लावणंच सोडलंय.’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी लक्षात आलं की तुमच्या घरात ‘दही’ या एका नावाखाली तीन वेगळे पदार्थ आहेत. तुमचा स्ट्रॉबेरीचा डबा, यजमानांची दही-साखर आणि सासूबाई आयुष्यभर लावत आल्या ते साधं दही. तिघांचा निवाडा एकदम करायला गेलं की भांडण होणारच. म्हणून एकेक घेऊ.

आधी तुमचा डबा. तुम्ही त्याच्या मागचे आकडे पत्रात उतरवून पाठवलेत, याचं मला फार बरं वाटलं. 100 ग्रॅमला एकूण साखर 14.5 ग्रॅम, त्यातली ‘ॲडेड शुगर’ 10 ग्रॅम. हे दोन आकडे कसे वाचायचे ते सगळ्याच वाचकांसाठी सांगते. दुधात स्वतःची साखर असते, तिला लॅक्टोज म्हणतात. साध्या, बिनसाखरेच्या दह्यातही ती 100 ग्रॅमला चार-साडेचार ग्रॅम उरते. तिची काळजी करायची नाही. बघायची ती वरून घातलेली साखर. तुमच्या 100 ग्रॅमच्या डब्यात ती 10 ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे. दोन डबे म्हणजे चार चमचे. एकदा एका रिकाम्या वाटीत साखरेच्या डब्यातून चार चमचे काढून समोर ठेवा आणि नुसती बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशी वरची साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी, आणि 5 टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक बरं. 2000 कॅलरी खाणाऱ्यासाठी ते 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम. तुमचे 20 ग्रॅम रात्रीच्या दोन डब्यांतच संपतात. सकाळ-दुपारचा चहा त्यात धरलेलाच नाही.

आता यजमानांचं बघा. दोन वाट्या, प्रत्येकीत दोन चमचे. म्हणजे तेही दह्याच्या निमित्ताने रोज 20 ग्रॅमच साखर खातात. तुमच्या डब्याला महागडा मुलामा आहे आणि त्यांची वाटी साधी आहे, हिशेब मात्र तोच.

पण मला साखरेपेक्षा जास्त खटकलं ते वेगळंच. डब्यांआधी तुमचं रात्रीचं जेवण काय होतं, तेही तुम्ही लिहिलंय: ज्वारीची भाकरी, एक भाजी, वरण. ते गेलं आणि त्याच्या जागी दोन डबे आले. त्याबरोबर भाजीतला आणि भाकरीतला चोथा गेला, डाळ गेली, चावून खाणं गेलं. मग साडेदहाला ‘काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं’ आणि फरसाणाचा डबा उघडतो, हे तुम्हीच कबूल केलंय. वजन का वाढलं याचं उत्तर मला तिथे दिसतं. यात तुमचा आळस नाही की जिभेचा दोष नाही. अर्ध्या पोटी झोपायला गेलेलं कुठलंही माणूस फरसाणाकडे वळेल. दही चांगलं की वाईट हे ठरवताना मी नेहमी विचारते, ते ताटात कशाच्या जागी आलं? गुलाबजामच्या जागी आलं तर उत्तम. भाकरी-भाजीच्या जागी आलं तर तोटा.

आता तो मेसेज. तो अगदी हवेतून आलेला नाही, म्हणून तुम्ही फसलात असं मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च 2024 मध्ये योगर्टच्या डब्यांवर एक वाक्य छापायला हरकत नाही असं कळवलं. ही मागणी केली होती योगर्ट विकणाऱ्या डॅनोन कंपनीने. वाक्याचा आशय असा: आठवड्याला निदान दोन कप योगर्ट नियमित खाल्ल्याने टाइप 2 मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो, मर्यादित शास्त्रीय पुराव्यानुसार. ‘होऊ शकतो’ आणि ‘मर्यादित पुराव्यानुसार’ हे शब्द त्या वाक्यातच आहेत. तुमच्या ग्रुपवर पोचेपर्यंत ते दोन्ही गळून पडले आणि ‘होत नाही’ तेवढं उरलं. शिवाय दोन कप कशाला म्हणतात ते बघा. तिकडचा कप साधारण 240 मिलीचा. आठवड्याचे दोन कप म्हणजे रोजची जेमतेम अर्धी वाटी. आणि ज्या योगर्टमध्ये वरून बरीच साखर आहे त्यावर हे वाक्य छापताना नीट विचार करा, असंही त्याच प्रशासनाने कंपन्यांना सुचवलं होतं. ते कोणी पुढे पाठवत नाही.

तो पुरावा मर्यादित का, तेही समजून घ्या, कारण असे मेसेज पुढेही येत राहतील. अशा अभ्यासांत हजारो माणसांना वर्षानुवर्षं विचारतात, तुम्ही काय काय खाता? मग कोणाला मधुमेह झाला, कोणाला नाही, याची नोंद ठेवतात. 2014 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी असाच मोठा अभ्यास मांडला. रोज साधारण 28 ग्रॅम योगर्टमागे मधुमेहाचा धोका 18 टक्क्यांनी कमी आढळला. आकडा खरा आहे. पण अमेरिकेत योगर्ट खाणारा माणूस बहुधा धूम्रपान कमी करतो, फळं जास्त खातो, चालायला जातो. संशोधक या गोष्टी हिशेबातून वजा करायचा प्रयत्न करतात, तरी सगळ्या वजा होत नाहीत. आपल्याकडे तर चित्रच निराळं. दही आपण तब्येत सांभाळणारे आहोत म्हणून खात नाही. साबुदाण्याच्या खिचडीबरोबर, थालीपिठाबरोबर, दहीवड्यावर, परीक्षेला निघताना हातावर साखर घालून, असं ते आपल्या पोटात जातं. तिकडच्या योगर्टचा गुण इकडच्या दही-साखरेला परस्पर चिकटवता येत नाही.

योगर्टला ही कीर्ती कशी मिळाली त्याचीही एक गोष्ट आहे. 1905 मध्ये जिनिव्हात शिकणाऱ्या स्तामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन विद्यार्थ्याने आपल्या देशातल्या दह्यातला जिवाणू ओळखला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले मोठे शास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव यांना वाटलं की बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात ते या आंबट दुधामुळेच. आतड्यातली कुजकी जिवाणूंची वस्ती माणसाला म्हातारं करते आणि आंबट दूध तिला आवरतं, असं त्यांनी 1907 मध्ये मांडलं. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. ते मिळालं शरीराच्या प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, पण लोकांच्या मनात नोबेल आणि दही एकत्र झाले. 1919 मध्ये बार्सिलोनात आयझॅक करासो यांनी योगर्टचा कारखाना काढला आणि सुरुवातीला ते औषधांच्या दुकानांतून विकलं. डॅनोनची सुरुवात ती. रोज आंबट दूध पिणारे मेचनिकोव स्वतः 1916 मध्ये 71 व्या वर्षी गेले. दह्याने आयुष्य वाढतं हे आजवर सिद्ध झालेलं नाही. औषधाच्या दुकानातून मिळालेला तो मान मात्र अजून टिकून आहे, आणि तुमच्या फ्रिजमधल्या डब्याची किंमत त्या मानाचीही आहे.

मग दह्यात खरं काय आहे? आहे, आणि चांगलं आहे.

सगळ्यात भक्कम पुरावा एका साध्या गोष्टीचा आहे. ज्यांना दूध पचत नाही, प्यायलं की पोट फुगतं, गुरगुरतं, त्यांना दही बहुतेक वेळा सोसतं. दही लागताना जिवाणू लॅक्टोजचा काही भाग स्वतःच खाऊन टाकतात, आणि उरलेला पचवायलाही मदत करतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2010 मध्ये हा गुण मान्य केला, तोही ग्रॅमला निदान 10 कोटी जिवंत जिवाणू असतील या अटीवर. प्रोबायोटिकच्या, म्हणजे तब्येतीला उपकारक म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंच्या, इतर बहुतेक दाव्यांना त्या संस्थेने नकारच दिला आहे. दह्यातले जिवाणू आतड्यात घर करून राहत नाहीत. बहुतेक येतात आणि जातात. एखाद्या विशिष्ट जातीच्या जिवाणूचा विशिष्ट मात्रेत एखाद्या तक्रारीवर उपयोग होऊ शकतो, पण तो सरसकट प्रत्येक दह्याला लागू करता येत नाही.

त्यापलीकडे दह्यात आहे ते दुधातलंच: वाटीभर, म्हणजे 150 ग्रॅम दह्यातून साधारण 5 ग्रॅम प्रथिनं आणि 180 मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. शाकाहारी घरात थोडं बी12 जीवनसत्त्व, जे दुसरीकडून सहजी मिळत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीत तुमच्या वयाच्या स्त्रीला रोज 1000 मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेल्यावर 1200. म्हणजे एका वाटीने साधारण सहावा हिस्सा भागतो. एका वाटीसाठी हे फार चांगलं आहे. नाचणीची भाकरी आणि ही वाटी एकाच जेवणात आली तर आणखी चांगलं. फॅटबद्दल फार डोकं शिणवू नका. फुल क्रीम दुधात 6 टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये 3 टक्के. रोजचं दही टोन्ड किंवा गाईच्या दुधाचं लावा, झालं.

तुमच्या मुलीशी वाद घालू नका, तिला एक प्रयोग करून दाखवा. रात्री अर्धा किलो घरचं दही मलमलच्या फडक्यात बांधा, चाळणीत ठेवून खाली पातेलं द्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी फडकं उघडलं की घट्ट, पांढरा गोळा हाती लागतो. कडेने सुरीची धार फिरवावी तसा तो सुटून येतो. हाच चक्का. ग्रीक योगर्ट म्हणून ती जे आणते ते मुळात हेच: पाणी काढलेलं दही. म्हणून तर त्यात वजनाच्या मानाने प्रथिनं जवळजवळ दुप्पट दिसतात. तिचं प्रोटीनचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त ते डब्यातच मिळतं हा समज चुकीचा आहे. खाली जमलेली निवळ फेकू नका. थोडं कॅल्शियम तिच्यात उतरलेलं असतं. भाकरीचं पीठ भिजवायला किंवा आमटीत घालायला ती वापरा. आणि चक्का झाला म्हणून श्रीखंडाकडे वळू नका. श्रीखंडात जवळजवळ चक्क्याइतकी साखर पडते. ते सणाचं पक्वान्न आहे, सणालाच शोभतं.

जिवाणूंच्या खात्रीबद्दल मुलगी म्हणते त्यात तथ्य आहे. घरच्या विरजणात कोणत्या जाती किती आहेत हे कोणी मोजलेलं नसतं. पण डब्याचीही खात्री सरसकट नसते. टिकाऊपणासाठी काही आंबवलेले पदार्थ दही लागल्यावर पुन्हा तापवतात, त्यात जिवाणू मरतात. लेबलवर ‘हीट ट्रीटेड’ किंवा ‘थर्माइज्ड’ लिहिलंय का तेवढं तिला बघायला सांगा. (कढी उकळली की तिच्यातले जिवाणूही जातात. प्रथिनं आणि कॅल्शियम राहतं, म्हणून कढी सोडायचं काही कारण नाही.)

आता सासूबाई. रात्री दही नको ही त्यांची मनची गोष्ट नाही. चरकसंहितेत तसं स्पष्ट आहे, आणि तिथे दही तूप-साखर, मुगाचं कढण, मध किंवा आवळा यांच्या जोडीने खावं आणि गरम करून खाऊ नये, असंही सांगितलंय. ताकाचं कौतुक मात्र आपल्या परंपरेत सगळीकडे आहे. निरोगी माणसाने रात्री वाटीभर दही खाल्लं तर सर्दी होते किंवा सांधे धरतात, याला आजच्या अभ्यासांचा आधार मला दिसत नाही. पण ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी रात्री उशिरा काहीही पोटभर खाऊन लगेच आडवं होऊ नये, हे खरं. आणि मुख्य म्हणजे दुपारी दही खाल्ल्याने तुमचं काहीच जात नाही. कॅल्शियमला घड्याळ कळत नाही. मग रोज रात्री हा वाद कशासाठी? दही दुपारच्या जेवणात आणा, आणि रात्री घ्यायचंच असेल तर जिरं-कोथिंबीर घातलेलं पातळ ताक. सासूबाईंचं म्हणणं राहील, तुम्हालाही चालेल.

यजमानांच्या वाटीबद्दल. त्यांना दही सोडायला लावू नका, साखर सोडवा, आणि तीही एकदम नको. आठवड्याला अर्धा-अर्धा चमचा कमी करत या. पण खरी किल्ली दही लावण्यात आहे. साखर कोण मागतं? आंबट दही. रात्रभर आणि वर सकाळभर ओट्यावर राहिलेल्या दह्यात चमचा घातला की ते तुटतं, कडेला हिरवट पाणी सुटतं आणि जीभ साखर मागते. तेच दही नुकतं लागल्याबरोबर, अदमुरं असतानाच फ्रिजमध्ये गेलं तर ते मुळातच गोडसर राहतं. मी पंचवीस वर्षं आहाराचा सल्ला देते आहे, आणि दही-साखर सुटलेली माणसं मी बहुतेक याच वाटेने पाहिली आहेत. रागावून कोणाची सुटलेली पाहिली नाही. काकडीची किंवा गाजराची कोशिंबीर दह्यात केली तर दुसऱ्या वाटीची गरजही पडत नाही. आणि त्यांच्या 6.1 चं काय? ती संख्या खाली आणायला जेवणानंतरचं चालणं, पोटाचा घेर कमी होणं आणि एकूण साखर-मैदा कमी होणं यांचा वाटा मोठा. दही शेजारी बसून साथ देईल, पण ओझं त्याच्या खांद्यावर टाकू नका. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला लगेच दुरुस्त करावीशी वाटली. तुम्ही लोहाची गोळी दुपारी दहीभाताबरोबर घेता. कॅल्शियम लोहाला अडवतं. गोळी आणि दही यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा, गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. थायरॉइडची गोळी आणि डॉक्सीसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या काही अँटिबायोटिक गोळ्या घेणाऱ्या वाचकांनीही असंच अंतर ठेवायचं. नेमकं किती, ते डॉक्टरांना विचारावं. मूत्रपिंडाच्या आजारात दूध-दह्याचं प्रमाण डॉक्टर ठरवतील तेच. रक्तदाब असलेल्यांनी विकतच्या मसाला ताकातलं मीठ लेबलवर बघावं.

किती खावं? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला दूध-दही मिळून 300 मिली धरलंय. चहातलं दूध आणि दुपारची एक वाटी दही, एवढ्यात ते जवळपास भागतं. त्यावर तिसरी-चौथी वाटी खाल्ल्याने जास्तीचा काही गुण येत नाही. तुम्ही रात्रीची भाकरी-भाजी-वरण परत सुरू करा. हवं तर भाकरी एकच घ्या, पण जेवा. डबे फ्रिजमध्ये उरले असतील तर मुलीला खाऊ दे, आणि पुढच्या वेळी आणायचेच झाले तर बिनसाखरेचे आणायला सांगा.

आणि आता ते शेवटचं वाक्य. चार महिन्यांपूर्वीपर्यंत तुमच्या घरात रोज रात्री एक 78 वर्षांची बाई दूध कोमट झालं का ते बोट बुडवून बघत होती, विरजण हलक्या हाताने मिसळत होती, थंडीत पातेल्याला टॉवेल गुंडाळत होती. डबे आले, ‘घरच्या दह्यात काही नसतं’ असं तिच्या कानावर पडलं, आणि तिने ते थांबवलं. यजमानांचं दहीही आता विकतचं येतं, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, रात्रीच्या दह्यावरून त्या जे रोज बोलतात त्यात थोडं चरकाचं आहे आणि बरंचसं या वाक्यातलं आहे. तुम्ही त्यांना दुखवायला काही केलेलं नाही, ते मला दिसतंय. तरी त्यांच्याकडे जा आणि सरळ सांगा की यांच्यासाठी अदमुरं दही हवंय, आणि मला ते तुमच्यासारखं जमत नाही. हे खरंच आहे, म्हणून सांगायला जड जाणार नाही.

घरचं विरजण एव्हाना संपलं असेल. स्ट्रॉबेरीच्या डब्यातलं घालू नका, त्याने दही नीट लागत नाही. शेजारी ज्यांच्याकडे घरी दही लावतात त्यांच्याकडे संध्याकाळी वाटी घेऊन जा. दोन चमचे पुरे. नाशिकला थंडी आहे अजून, तेव्हा विरजण नेहमीपेक्षा थोडं जास्त घालायचं की दूध जरा अधिक गरम ठेवायचं, हे मात्र सासूबाईंनाच विचारा.